वाटाड्याचें मोल

परक्या मुलखांत वाट चुकलेल्या प्रवाशापुढें दोन प्रश्न उभे राहतात. 'मी आहें कोठें?' हा पहिला, आणि 'येथून इष्ट स्थळीं जावें कसें?' हा दुसरा. पूर्वीं या दोहोंचीं उत्तरें गांवचा वाटाड्या देत असे व आपली मजुरी घेऊन परत फिरे. मोटारींतील वाटाड्या यंत्राचा इतिहास हा याच दोन उत्तरांचा इतिहास होय. हें यंत्र उदयास आलें, युरोप-अमेरिकेंत लक्षावधि मोटारींच्या काचांवर चढलें, आणि एका पिढीच्या आंतच त्याची जागा खिशांतल्या स्मार्टफोननें घेतली. या स्थित्यंतरांत वाटाड्याची मजुरी कोणत्या नाण्यांत चुकती होऊं लागली, हें पाहण्याजोगें आहे.

आरंभींच्या यंत्रांस पहिल्या प्रश्नाचें उत्तर अंदाजानें काढावें लागे. १९८१ सालीं जपानच्या होंडा कंपनीनें 'इलेक्ट्रो जायरोकेटर' नांवाचें यंत्र विक्रीस आणलें. गाडी किती वळली हें हेलियम वायूच्या प्रवाहावरून, आणि किती चालली हें चाकांवरून जाणून, तें पडद्यावर एक ठिपका हलवी. त्या पडद्यापुढें पारदर्शक नकाशा बसवावयाचा, आणि आपण निघालों कोठून हें आपणच यंत्रास सांगावयाचें! १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील 'ईटॅक' कंपनीनें रस्त्यांचा नकाशा कॅसेटच्या फितींवर सांठविला. मोजणींतील लहानसहान चुका सांचत जातात, म्हणून गाडीचा मार्ग नकाशावरील रस्त्यांशीं पडताळून हें यंत्र आपली चूक आपणच सुधारी. प्रशांत महासागरांतील दर्यावर्दी ज्या विद्येच्या आधारें होडीचें स्थान मनांतल्या मनांत ताडीत, तिचेंच नांव या कंपनीनें घेतलें होतें.

पहिल्या प्रश्नाचें भरंवशाचें उत्तर अखेर आकाशांतून आलें. अमेरिकेच्या लष्करानें १९७८ पासून सोडलेले उपग्रह सुमारें २० हजार किलोमीटर उंचीवरून आपली वेळ व आपलें स्थान अखंड सांगत असतात. चार उपग्रहांचे संदेश पोंचावयास लागलेल्या सूक्ष्म वेळेवरून ग्राहक-यंत्र स्वतःचें स्थान गणितानें काढतें. १९८३ सालीं वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलेलें कोरियाचें प्रवासी विमान पाडण्यांत आलें. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही व्यवस्था नागरिकांस खुली करण्याचें जाहीर केलें. तथापि नागरिकांसाठींच्या संदेशांत मुद्दाम घोटाळा घातलेला असे, आणि स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. २००० च्या मे महिन्यांत अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा घोटाळा बंद झाला, आणि एका रात्रींत चूक सुमारें २० मीटरांवर आली. पहिलें उत्तर जगास फुकट मिळालें.

दुसरें उत्तर मात्र विकत घ्यावें लागे. कोणता रस्ता एकेरी, कोठें वळण्यास मनाई, हें उपग्रहास ठाऊक नसतें. त्यासाठीं माणसांनीं रस्तोरस्तीं गाड्या फिरवून टिपणें केलीं. अमेरिकेंतील गार्मिन व हॉलंडांतील टॉमटॉम या कंपन्यांनीं असा नकाशा, ग्राहक-यंत्र व बोलणारा आवाज एका लहानशा पेटींत घातला. २००४ सालीं निघालेली टॉमटॉमची 'गो' पेटी फार लोकप्रिय झाली. नकाशास असें मोल आलें कीं, २००८ सालीं टॉमटॉमनें टेली अ‍ॅटलस ही नकाशे करणारी कंपनी सुमारें २९० कोटी युरो देऊन घेतली, आणि नोकियानें नॅव्हटेकसाठीं ८०० कोटी डॉलरांहून अधिक मोजले.

पुढच्याच वर्षीं चक्र उलटलें. २८ ऑक्टोबर २००९ रोजीं गूगलनें मोबाइलवर वळणावळणाला बोलून वाट दाखविण्याची सोय फुकट देण्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं गार्मिन व टॉमटॉम यांचे शेअर कोसळले. तीन महिन्यांच्या आंत नोकियानेंहि आपली ही सोय फुकट केली. ज्या मालासाठीं नुकतेच कोट्यवधि मोजले, तो बाजारांत फुकट वांटला जाऊं लागला! मोबाइलचे गुणहि थोर होते. मनोऱ्याकडून उपग्रहांचें वेळापत्रक आयतें मिळाल्यानें त्यास स्थान चटकन सांपडे. नकाशा ताजा असे. आणि हजारों चालत्या फोनांच्या वेगावरून पुढच्या रस्त्यावरील कोंडी त्यास आधींच कळे.

येथेंच मजुरीचें नाणें बदललें. उपग्रहाचा संदेश ऐकणें हें रेडिओ ऐकण्यासारखें आहे. कोण ऐकत आहे हें बोलणाऱ्यास कळत नाहीं. जुनी पेटी अशी केवळ ऐके, आणि पोटांतल्या नकाशावरून वाट सांगे. मोबाइलवरील वाटाड्या सामान्यतः वाट विचारतांच आपलें ठिकाण व गंतव्य दूरच्या संगणकास कळवितो. कोंडीचें ज्ञान आपल्याच चालण्यांतून निर्माण होतें. तीच आपली मजुरी. पुढें पेट्याहि माहिती पाठवूं लागल्या. टॉमटॉमच्या ग्राहकांकडून जमलेली वेगाची माहिती हॉलंडच्या पोलिसांनीं वेग टिपणारे कॅमेरे बसविण्यासाठीं वापरल्याचें २०११ सालीं उघड झालें, आणि कंपनीस ग्राहकांची क्षमा मागावी लागली.

म्हणून जुनी पेटीच बरी, असें म्हणणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. बहुतेक कुटुंबांस मोबाइल पुरेसा आहे. आपल्या देशांतहि २०२० च्या सुधारित मोटार-वाहन नियमांनीं, चालकाचें लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, केवळ वाट पाहण्यासाठीं तो वापरण्यास मुभा दिली आहे. सह्याद्रीच्या घाटांत मोबाइलची रेंज गेली कीं स्थानहि गेलें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः डोईवर आकाश मोकळें असेल तर उपग्रह तेथेंहि ऐकूं येतात. हरवतो तो नकाशा. निघण्यापूर्वीं त्या भागाचा नकाशा फोनमध्यें उतरवून ठेवला म्हणजे जुन्या पेटीचा गुण नव्या यंत्रांत येतो.

गार्मिन आज घड्याळें व विमान-नौकांचीं उपकरणें करते. टॉमटॉम मोटार-कारखान्यांस नकाशे पुरविते. पेटीचें राज्य गेलें, तिची विद्या राहिली. वाटाड्या मजुरी घेतो हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें, आणि शहाणा प्रवासी ती पाऊल उचलण्यापूर्वीं ठरवून घेई. आपल्या प्रवासाची नोंद फोनमध्यें ठेवावी कीं पुसावी, हें ठरविण्याची सोय आजहि आपल्या हातीं आहे; तेव्हां तें घरून निघण्यापूर्वींच ठरवावें.