बस्त : इराणांतील शरणागतांचें राजकारण (1905–1909)

राज्यांतील सर्व सत्ता एका पुरुषाच्या इच्छेंत सांठलेली असली म्हणजे प्रजेपाशीं दाद मागण्याचे मार्ग फार थोडे उरतात. कल्हणाच्या राजतरंगिणींत ब्राह्मणांनीं राजाविरुद्ध प्रायोपवेशन आरंभिल्याचे प्रसंग वारंवार येतात. आपल्याकडील धरणें त्याच कुळांतलें. इराणांत याच्याशीं साम्य असलेली रूढि 'बस्त' या नांवानें प्रसिद्ध होती. दर्गा, मशीद, शहाचा तबेला किंवा परकी वकिलात अशा अभयस्थानीं जाऊन बसावें व दाद लागेपर्यंत उठूं नये, असें तिचें स्वरूप. या शरणागतीच्या रूढींतून राजसत्तेस मर्यादा घालणारी राज्यघटना कशी निघाली, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

डिसेंबर 1905 मध्यें तेहरानांत साखर महागली. रशिया-जपान युद्धामुळें उत्तरेकडील व्यापार विस्कळित झाला होता. परंतु शहराच्या सुभेदारानें दोष व्यापाऱ्यांच्या माथीं मारून दोघांच्या तळपायांवर छड्या मारविल्या. तत्काळ बाजार बंद झाला. सय्यद अब्दुल्ला बेहबहानी व सय्यद महंमद तबातबाई या धर्मशास्त्र्यांच्या पुढारपणाखालीं सुमारें 2,000 लोक राजधानीच्या दक्षिणेस असलेल्या शाह अब्दुल अजीमच्या दर्ग्यांत जाऊन बसले. सुभेदारास काढावें आणि 'अदालतखाना' म्हणजे न्यायसभा स्थापावी, या त्यांच्या प्रमुख मागण्या. जानेवारी 1906 मध्यें मुजफ्फरुद्दीन शहानें वचन दिलें व मंडळी परतली. न्यायसभा मात्र स्थापन झाली नाहीं.

या वचनभंगानेंच लोकांना शहाणें केलें. जुलै 1906 मध्यें राजधानींत सैनिकांनीं गोळ्या झाडल्या. तेव्हां धर्मशास्त्री निषेधार्थ कूम येथें निघून गेले, आणि व्यापारी व कारागीर यांनीं ब्रिटिश वकिलातीचें आवार गांठलें. थोड्याच दिवसांत तेथील संख्या 12,000 ते 14,000 पर्यंत गेली. प्रत्येक धंद्याचे तंबू निराळे होते, आणि एवढ्या समुदायांत शिस्त उत्तम होती. दारुल्फुनून विद्यालयाचे विद्यार्थी तेथें व्याख्यानें देऊन राज्यघटना म्हणजे काय हें लोकांस समजावीत. ज्याचा जन्म फळ्यापुढें गेला, त्या प्रस्तुत लेखकास या तंबूंतील शाळेचें विशेष कौतुक वाटलें, तर वाचकांनीं क्षमा करावी.

या समुदायापाशीं शस्त्र नव्हतें. परंतु कज्जे व दस्तऐवज यांचें बरेंच काम धर्मशास्त्र्यांच्या हातीं, आणि पैसा व धान्य बाजाराच्या हातीं. दोघेही उठून गेल्यावर शहाची आज्ञा ऐकावयास राजधानी राहिली, पण चालावयास राहिली नाहीं. शिवाय मागणी आतां बदलली होती. कृपेचें वचन नको, प्रतिनिधींची 'मज्लिस' हवी! वजीर ऐनुद्दौला यास जावें लागलें. 5 ऑगस्ट 1906 रोजीं फर्मान निघालें. ऑक्टोबरांत मज्लिस भरली. 30 डिसेंबर रोजीं मरणोन्मुख शहानें मूलभूत कायद्यावर सही केली.

हें सर्व ब्रिटिशांच्या आश्रयाचें फळ, असा कोणी आक्षेप घेईल. त्यास पुढील इतिहास उत्तर देतो. 31 ऑगस्ट 1907 रोजीं त्याच ब्रिटिशांनीं रशियाशीं करार करून इराणांत आपापलीं प्रभावक्षेत्रें आंखून घेतलीं. 23 जून 1908 रोजीं नव्या महंमद अली शहाच्या रशियन सेनानीनें, कर्नल लियाखॉफनें, मज्लिसवर तोफा डागल्या. त्या वेळीं घटनेचा ध्वज उभा धरला तो सत्तारखान व तब्रीझच्या नागरिकांनीं, वेढा व उपासमार सोसून. जुलै 1909 मध्यें घटनावाद्यांनीं तेहरान घेतलें, आणि महंमद अली शहास स्वतःच रशियन वकिलातींत बस्त घ्यावें लागलें.

डिसेंबर 1911 मध्यें रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यानंतर मज्लिस बंद पडली, हें खरें. तथापि 1906 ची घटना कागदोपत्रीं तरी 1979 पर्यंत टिकली, आणि तिचें उल्लंघन करणाऱ्या राजांनाही तिचें नांव टाकतां आलें नाहीं. परक्याच्या दारांत आसरा मिळतो, अधिकार मिळत नाहीं. तो मिळाला, कारण शरण गेलेल्यांनीं दुसऱ्या खेपेस क्षमा अथवा कृपा न मागतां नियम मागितला.