दुधनी ते विद्यापीठ : पदवीच्या वाटेवरील दारे

सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने नालंदा महाविहाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात दारावरील पंडितांचा उल्लेख येतो. प्रवेशेच्छूंना ते प्रश्न विचारीत आणि दहांपैकी सातआठ जणांना परत फिरावे लागे. दार कठोर होते. परंतु कसोटी ज्ञानाची होती. आधुनिक विद्यापीठाच्या दारावर असा पंडित दिसत नाही. तेथे अंतर उभे असते, पैसा उभा असतो, आणि पुष्कळ काळ जातही उभी होती. एका सीमावर्ती गावाच्या संदर्भात या दारांचा इतिहास पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–गुलबर्गा लोहमार्गावरील गाव. बाजार समितीमुळे ते परिसरात परिचित आहे. येथील पुष्कळ घरांत कन्नड बोलली जाते, कचेरीचा व्यवहार मराठीत होतो. येथील मुलाला पदवी घ्यायची झाली तर त्याचे विद्यापीठ कोठे होते?

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. सोलापुरात दयानंद महाविद्यालय 1940 मध्ये निघाले. म्हणजे मधल्या 83 वर्षांत या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी पुणे, मुंबई यांसारखे दूरचे शहर गाठावे लागे. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ झाले व सोलापूर त्याच्या कक्षेत आले. 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर केंद्र कोल्हापूरला गेले. अखेर 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. केवळ एका जिल्ह्यापुरते असलेले हे विद्यापीठ 2019 पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सोलापूर असे विद्यापीठाचे ठिकाण दीडशे वर्षांत बदलत गेले आणि शेवटी आपल्याच जिल्ह्यात आले. पण विद्यापीठ जवळ आले म्हणजे त्याचे दार उघडले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

स्वतः पूज्य बाबासाहेबांचा अनुभव याची साक्ष देतो. 1908 मध्ये ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पदवीधर झाले. मुंबईत राहणाऱ्या या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे अंतर नव्हते. तरीही महाविद्यालयातील उपाहारगृहचालक त्यांना चहा वा पाणी देत नसे, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. वर्गाचे दार उघडले, पाण्याचे उघडले नाही.

यातून त्यांनी जो बोध घेतला तो सोलापूरकरांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सभेचे वसतिगृह 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात सुरू झाले. हे वसतिगृह माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी होते. पदवीचा विचार करणाऱ्या नेत्याने आरंभ शाळेपासून का केला? कारण विद्यापीठाची वाट मॅट्रिकच्या अलीकडेच तुटत होती. खेड्यातील मुलाला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी निजायला जागा आणि दोन वेळचे अन्न नसेल, तर विद्यापीठाचे नियम कितीही उदार असून काय उपयोग? सभेच्या विसर्जनानंतर ज्या ठिकाणी वसतिगृहे निघाली त्यांत धारवाडही होते. भाषेची सीमा या कार्याला आड आली नाही.

1927 मध्ये मुंबई विद्यापीठ सुधारणा विधेयकावर बाबासाहेब कायदे मंडळात बोलले. त्यांच्या प्रतिपादनाचे दोन भाग होते. पहिला असा की, पदवीपूर्व अध्यापन आणि पदव्युत्तर अध्यापन यांची ताटातूट करू नये. जो संशोधन करतो त्यानेच पदवीच्या विद्यार्थ्यालाही शिकवावे. दुसरा असा की, बुद्धी असून साधने नसलेल्यांना उच्च शिक्षण मिळवून देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ. म्हणून त्याच्या कारभारात मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. पुढे 1946 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वेळापत्रक हेही एक दार असते, हे ओळखणारा शिक्षणतज्ज्ञ विरळाच!

पहिल्या मुद्द्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. आपली मोठी सार्वजनिक विद्यापीठे मुख्यतः संलग्न महाविद्यालयांवर चालतात. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि विद्यापीठाचा संबंध परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र आणि गुणपत्रक यांपलीकडे फारसा जात नाही. विद्यापीठाचे ग्रंथालय, प्रयोगशाळा, विद्वानांची व्याख्याने ही त्याच्या वाट्याला येतच नाहीत. तो तीन वर्षे विद्यापीठाचा विद्यार्थी असतो आणि विद्यापीठ पाहतो ते बहुधा पदवी घेऊन झाल्यावर.

आता पैशाच्या दाराकडे वळू. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944-45 पासून, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बौद्ध समाजापुरता हा इतिहास येथे एक वळण घेतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा झाली आणि केंद्राच्या यादीच्या दृष्टीने दीक्षित बांधव अनुसूचित जातींबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने 1960 मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राची मान्यता मात्र 1990 मध्ये मिळाली. मधली तीस वर्षे दुधनीसारख्या गावासाठी कशी असतील, याचा विचार करावा. रुळांच्या हिशेबाने गुलबर्गा सोलापूरपेक्षा जवळ. 1980 मध्ये तेथे विद्यापीठही झाले. घरातील भाषा कन्नड असेल तर ते अधिकच सोयीचे. परंतु महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच होती. नकाशावरील रेघ आणि धम्माचा स्वीकार यांच्या चिमटीत सापडलेल्या विद्यार्थ्याला जवळचे विद्यापीठ दूर आणि दूरचे जवळ करावे लागणार, हे उघड आहे.

आजचा प्रश्न प्रवेशाचा कमी आणि टिकण्याचा अधिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवी चार वर्षांची झाली असून, 2024-25 पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही ते लागू झाले आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी बाहेर पडण्याची मुभा त्यात आहे. सोय म्हणून ती चांगलीच. परंतु या दाराने प्रथम बाहेर कोण पडेल? ज्याच्या घरी कमावता हात कमी आहे तो. शिष्यवृत्ती उशिरा आली, वसतिगृहात जागा मिळाली नाही, आईवडील आजारी पडले की एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन तो थांबेल. आणि कागदोपत्री त्याला कोणी गळालेला म्हणणार नाही. पूर्वीची गळती निदान डोळ्यांना दिसत होती. आता तिच्या हाती प्रमाणपत्र असेल. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. ती वेळेवर पोहोचली तरच या दारावर रोध बसेल.

आमच्या मते येथे विहारांना काम आहे आणि ते अवघड नाही. प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील पदवीच्या विद्यार्थ्यांची वही ठेवावी. कोण कोणत्या वर्षाला आहे, कोणत्या सत्रानंतर थांबला, कशामुळे थांबला, हे तीत नोंदवावे. वस्तीतील पहिला पदवीधर व पहिली पदवीधर कन्या यांची हकीकतही लिहून ठेवावी, कारण आपला शैक्षणिक इतिहास अद्याप बहुतांशी स्मरणातच आहे आणि स्मरण करणारी पिढी थकत चालली आहे. संध्याकाळी विहारातील दिवा अभ्यासासाठी जळत राहिला, तर 1925 च्या त्या वसतिगृहाचे कार्य पुढे चालले असे म्हणता येईल.

नालंदेच्या दारावरील पंडित विचारीत असे, तुला काय येते? आपल्या विद्यापीठांनीही एवढेच विचारावे. बाकीचे प्रश्न विद्यार्थ्याच्या वाटेतून दूर करणे, हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.