तीन लाखांचे शहर : ऑल्बरी-वोडोंगा आणि एका सरकारी आकड्याची कहाणी

२५ जानेवारी १९७३. ऑस्ट्रेलियाचे नवे पंतप्रधान गॉफ व्हिटलम, न्यू साउथ वेल्सचे प्रीमिअर रॉबर्ट अस्किन आणि व्हिक्टोरियाचे प्रीमिअर रूपर्ट हेमर असे तिघे मरे नदीकाठच्या ऑल्बरी या गावी एकत्र आले. व्हिटलम मजूर पक्षाचे, उरलेले दोघे लिबरल. म्हणजे एरवी एकमेकांचे कट्टर विरोधक. तरीही त्या दिवशी तिघांचे एका गोष्टीवर एकमत झाले : नदीच्या उत्तरेचे ऑल्बरी आणि दक्षिणेचे वोडोंगा ही दोन गावे मिळून येथे एक नवे महानगर वसवायचे.

त्या वेळी दोन्ही गावांची लोकसंख्या मिळून चाळीस हजारांच्या आसपास होती. आराखड्यात आकडा धरला गेला तीन लाखांचा, आणि तोही सन २००० पर्यंत. २०२१ च्या जनगणनेत ऑल्बरीत ५६,०९३ आणि वोडोंगात ४३,२५३ माणसे मोजली गेली. बेरीज एका लाखालाही थोडी कमीच भरते. हा फरक कसा पडला, याचा हा धागा. मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम जागा समजून घेऊ. सिडनी आणि मेलबर्न यांना जोडणाऱ्या वाटेवर, मेलबर्नपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर मरे नदीचा उतार लागतो. हा प्रदेश विराजुरी लोकांचा. ऑल्बरीच्या परिसराला त्यांच्या भाषेत बंगंब्रावाथा म्हणत. १८२४ मध्ये ह्यूम आणि होव्हेल हे प्रवासी येथे पोहोचले, आणि १८३९ पर्यंत गावाची अधिकृत आखणी झाली. नदी ओलांडायची सोयीची जागा, म्हणून गाव. इतके साधे कारण.

१८५१ मध्ये व्हिक्टोरिया ही वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि या साध्या गावाच्या नशिबी सीमा आली. ही सीमा नदीच्या मधोमध नाही. ती दक्षिण तीरावरून जाते, त्यामुळे मरेचे पात्र सगळेच्या सगळे न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत मोडते. वोडोंगाचा माणूस नदीकाठी उभा राहून गळ टाकतो, तेव्हा त्याचे पाय एका राज्यात आणि मासा दुसऱ्या राज्यात असतो!

पुढची पन्नास वर्षे ही रेषा व्यापाऱ्यांच्या डोक्याला ताप होऊन बसली. व्हिक्टोरियाचे धोरण संरक्षक जकातीचे, न्यू साउथ वेल्सचे मुक्त व्यापाराचे. नदीवर जकात नाकी उभी राहिली. त्यात रेल्वेची भर. व्हिक्टोरियाची गाडी १८७३ मध्ये वोडोंगापर्यंत आली ती १६०० मिलिमीटरच्या रुळांवरून. न्यू साउथ वेल्सची १८८१ मध्ये ऑल्बरीला पोहोचली ती १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून. १८८३ मध्ये पूल झाला, दोन्ही मार्ग भेटले, पण एकाही गाडीला पुढे जाता येईना. प्रवाशांनी सामानसुमान घेऊन उतरायचे, फलाट ओलांडायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच वेळी उभ्या राहाव्यात म्हणून ऑल्बरीचा फलाट जवळजवळ साडेचारशे मीटर लांबीचा बांधला गेला. तो आजही पाहायला मिळतो.

१८९५ मध्ये मार्क ट्वेन या मार्गाने गेला आणि अवेळी गाडी बदलावी लागल्याने चकित झाला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने या कारभाराची यथेच्छ थट्टा केली आहे. (याच जगप्रवासात पुढे जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईला आला होता.)

१८९३ मध्ये वसाहतींच्या एकीकरणाची जी प्रसिद्ध परिषद भरली, ती सिडनीत वा मेलबर्नमध्ये भरली नाही. ऑल्बरीच्या पश्चिमेला मरेकाठच्या कोरोवा या लहानशा गावी भरली. सीमेचा जाच ज्यांना रोज सोसावा लागत होता, त्यांनाच एक देश हवा होता. १९०१ मध्ये संघराज्य स्थापन झाले आणि जकात नाकी उठली. रूळ मात्र तसेच राहिले. मेलबर्नपर्यंत प्रमाण रुंदीचा मार्ग पोहोचायला १९६२ उजाडले. राज्यघटना बदलणे सोपे, रूळ बदलणे अवघड!

या अडथळ्यानेच गावाला पहिला मोठा हातभार लावला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेकडे जाणारा सारा लष्करी माल येथे एका गाडीतून दुसरीत चढवावा लागे. मग कोठारे येथेच का नसावीत, असा विचार करून लष्कराने वोडोंगाजवळ बँडियाना आणि बोनेगिला येथे मोठे तळ उभारले. युद्ध संपल्यावर बोनेगिलाच्या छावणीत युरोपातून आलेल्या निर्वासितांना व स्थलांतरितांना उतरवण्यात आले. पहिली तुकडी डिसेंबर १९४७ मध्ये आली, बाल्टिक देशांतली. १९७१ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे त्या पत्र्याच्या बराकींतून गेली. काम मिळण्याची वाट पाहत बसलेल्यांचा असंतोष १९५२ आणि १९६१ मध्ये उघडपणे भडकला होता.

योगायोग पाहा. नियोजनकारांनी जो आकडा पुढे कागदावर लिहिला, तेवढी माणसे या परिसरात येऊन गेली होतीच. पण ती थांबली नाहीत. थोडी कुटुंबे स्थायिक झाली. बाकीची कारखान्यांकडे, उसाच्या मळ्यांकडे, महानगरांकडे पांगली. ऑल्बरी-वोडोंगाला माणसे पुढे पाठवण्याची सवय होती. थांबवून ठेवील असे काम तेथे बेताचेच होते.

याच परिसरातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑल्बरीच्या वर मरे नदीवर ह्यूम धरण बांधले गेले (१९१९ ते १९३६). १९५० च्या दशकात त्याची उंची वाढवायचे ठरले, आणि पाण्याखाली जाणारे टॅलंगॅटा हे गाव उचलून सुमारे आठ किलोमीटर पश्चिमेला नेण्यात आले. येथे ‘उचलून’ हा शब्द अक्षरशः घ्यावा : लाकडी घरे पायापासून सोडवून ट्रकवर चढवली आणि नव्या जागी उतरवली. दुष्काळात जलाशय आटला की जुन्या गावाचे रस्ते व पाये आजही उघडे पडतात. ऑस्ट्रेलियातील लाकूड-पत्र्याचे घर ही अशी हलती मालमत्ता होती. सरकारला त्यामुळे असेही वाटू लागले असावे की, घर हलते तसे गावही हलवता येईल, शहरही वसवता येईल.

आता १९७३ कडे परत येऊ. त्या काळी देशाची सुमारे चाळीस टक्के प्रजा सिडनी आणि मेलबर्न या दोनच शहरांत राहत होती. उपनगरे पसरत होती, जमिनीचे भाव चढत होते, आणि सिडनीच्या पश्चिमेकडील हजारो घरांना साधी सांडपाण्याची वाहिनी नव्हती. व्हिटलम स्वतः अशाच मतदारसंघातून निवडून येत. त्यांच्या सरकारने टॉम युरेन या मंत्र्याकडे नागरी व प्रादेशिक विकासाचे नवे खातेच सोपवले. महानगरांची वाढ अंतर्भागातील ‘विकास केंद्रां’कडे वळवायची, ही त्या खात्याची मुख्य कल्पना.

कल्पनेचे अर्थशास्त्र मोठे देखणे होते. गावाभोवतीची शेतजमीन सरकारने शेतीच्याच भावाने घ्यायची. तिच्यावर रस्ते, पाणी, मलनिःसारण, वीज यांची सोय करायची. मग भूखंड पाडून विकायचे. शहर वसल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते, ती सट्टेबाजाच्या खिशात जाण्याऐवजी शाळा, बागा आणि रस्त्यांच्या कामी यावी. जमीनखरेदीसाठी केंद्राने राज्यांना कर्जे दिली. २३ ऑक्टोबर १९७३ रोजी तिन्ही सरकारांमध्ये करार झाला आणि ‘ऑल्बरी-वोडोंगा विकास महामंडळ’ आकाराला आले. नाव एक असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती तीन महामंडळे होती : एक केंद्राचे, दोन राज्यांची. सीमेने येथेही आपला कर वसूल केलाच.

शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. सट्टेबाजी रोखावी म्हणून जमिनीचा मोबदला घोषणेपूर्वीच्या भावाशी बांधला गेला. ज्याच्या शेतातून उद्या शहराचा रस्ता जाणार, त्याला दर मात्र काल-परवाचा. शिवाय आपली जमीन नक्की केव्हा घेतली जाणार हे ठाऊक नसल्याने कुंपण दुरुस्त करावे की नाही, गोठा बांधावा की नाही, असे प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. सभा झाल्या, निदर्शने झाली. सार्वजनिक हिताचे गणित बरोबर असले तरी त्याची पहिली किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवलेच पाहिजे.

आणि मग गणितही चुकले. करार झाला त्याच महिन्यात पश्चिम आशियात युद्ध पेटले व जगभर तेलाचे भाव भडकले. त्याआधी जुलै १९७३ मध्ये व्हिटलम सरकारनेच आयात शुल्क सरसकट पंचवीस टक्क्यांनी घटवले होते. परिणामी ज्या कारखानदारीने अंतर्भागात येऊन रोजगार द्यावा अशी योजना होती, तीच कारखानदारी महानगरांतही आक्रसू लागली. याच काळात स्थलांतरितांची संख्याही कमी करण्यात आली.

सर्वांत खोल घाव मात्र जननदराचा. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियात एका स्त्रीमागे सरासरी जवळजवळ तीन मुले जन्मत. १९७६ पर्यंत हे प्रमाण २.१ च्याही खाली आले. तीन लाखांचा आकडा ज्या अंदाजांवर उभा होता, ते अंदाज युद्धोत्तर ‘बाळलाटे’च्या काळातले होते. १९७५ मध्ये प्रा. बॉरी यांच्या राष्ट्रीय लोकसंख्या चौकशीचा अहवाल आला आणि त्याने स्पष्टच सांगितले की, देशाची वाढ पूर्वी मानली गेली त्याहून बरीच मंद राहील. महानगरांतून वळवायला हवा तो लोंढाच उरला नाही.

नोव्हेंबर १९७५ मध्ये व्हिटलम सरकार बरखास्त झाले. फ्रेझर सरकारने युरेन यांचे खाते मोडीत काढले, निधीला कात्री लावली, आणि लक्ष्य निम्म्यावर, दीड लाखावर आणले. भूखंड विकले जाण्याचा वेग मंदावला की कर्जावरचे व्याज थांबत नसते. त्यामुळे योजनेचे देखणे अर्थशास्त्र नेमके येथे अडकले. घेतलेली जमीन चराईसाठी भाड्याने दिली गेली, पुढे बरीचशी विकली गेली. केंद्राचे महामंडळ संसदेने २०१४ मध्ये कायद्याने गुंडाळले.

मग हा सारा प्रयोग फसला म्हणायचे का? अनेक जण तसेच म्हणतात. मला हा निकाल घाईचा वाटतो. याच काळात दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ मोनार्टो नावाचे शहर योजले गेले होते. जमीन घेतली गेली, झाडे लावली गेली, आणि एकही वस्ती उभी राहिली नाही. आज त्या जमिनीच्या एका भागावर मुक्त प्राणिसंग्रहालय आहे. त्याच्याशी तुलना करता ऑल्बरी-वोडोंगाच्या पदरात पुष्कळ पडले. थर्गूना, बॅरँडूडा यांसारख्या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या, लाखो झाडे लागली, बोडक्या टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या. १९८१ मध्ये ऑल्बरीच्या उत्तरेला वृत्तपत्री कागदाचा मोठा कारखाना सुरू झाला. थर्गूनाला चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. तेथील मातीच्या कुटलेल्या भिंतींच्या इमारती वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहाव्यात.

किंबहुना या जोडगावाची वाढ ठरवणारे खरे प्रश्न लोकसंख्येच्या आकड्याहून अधिक जमिनीवरचे होते. सिडनी-मेलबर्न महामार्ग गावातून न्यावा की बाहेरून, हा वाद कित्येक वर्षे चालला; अखेर गावातूनच जाणारा द्रुतमार्ग मार्च २००७ मध्ये खुला झाला. वोडोंगाच्या ऐन बाजारपेठेला चिरत जाणारी रेल्वे २०१० मध्ये गावाबाहेर हलली, तेव्हा कुठे तेथे मोकळी जागा मिळाली. २००८ नंतर नेपाळमधील छावण्यांतून आलेली भूतानी निर्वासित कुटुंबे येथे स्थायिक होऊ लागली. बोनेगिलातून माणसे पुढे निघून जात. ही मात्र राहिली, त्यांनी घरे घेतली.

सीमा मात्र अजून आहे. ८ जुलै २०२० रोजी करोनामुळे न्यू साउथ वेल्सने ती बंद केली. १९१९ च्या इन्फ्लुएन्झानंतर प्रथमच. एका काठावर राहून दुसऱ्या काठावर नोकरी, शाळा वा दवाखाना गाठणाऱ्या लोकांना परवाने दाखवत तासन्‌तास पुलावर थांबावे लागले. दोन्ही गावांची रुग्णालये २००९ पासून एकाच व्यवस्थेखाली आहेत आणि ती व्हिक्टोरिया चालवते, म्हणजे ऑल्बरीचे रुग्णालय न्यू साउथ वेल्सच्या भूमीवर असून कारभार शेजारच्या राज्याचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून त्या जुन्या ऑल्बरी रुग्णालयाच्या विस्तारासाठी ५५.८ कोटी डॉलर जाहीर केले. स्थानिकांपैकी अनेकांची मागणी वेगळी होती आणि आहे : मोकळ्या जागेवर, दोन्ही गावांसाठी, भविष्यातील लोकसंख्या धरून एकच नवे रुग्णालय. ती लोकसंख्या नेमकी किती धरायची, यावर पुन्हा वाद सुरू आहे.