परभाषेची भाकरी

१० जून १८७८ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट बंदरात वीस वर्षांचा एक तरुण उतरला. गाठीला पैसा थोडा, ओळखीचे कोणी नाही, आणि इंग्रजी म्हणावी तर चार तुटक शब्दांची. युझेफ कोझेन्योव्स्की हे त्याचे नाव. जन्माने तो पोलिश. परंतु पोलंडचे राज्य तेव्हा नकाशावर उरले नव्हते आणि कागदोपत्री तो रशियाच्या झारचा प्रजाजन होता. मार्सेय येथे राहून त्याने फ्रेंच जहाजांवर उमेदवारी केली होती. पण रशियन वकिलातीच्या परवानगीवाचून तेथे पुढे काम मिळेना. ब्रिटिश व्यापारी जहाजांना मात्र माणसे हवी होती, आणि परदेशी खलाशांना तेथे मज्जाव नव्हता.

लोस्टॉफ्ट व न्यूकॅसल यांच्या दरम्यान कोळसा वाहणाऱ्या एका लहान गलबतावर तो प्रथम राहिला. सोबतच्या खलाशांच्या बोलण्यातून त्याने इंग्रजी उचलली. दोर, शीड आणि नांगर हीच त्याची मुळाक्षरे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियास निघालेल्या जहाजावर त्याने महिना एक शिलिंग वेतनावर नोकरी धरली.

अधिकारी होण्यासाठी मात्र परीक्षा होत्या, आणि त्या इंग्रजीतच द्यावयाच्या होत्या. दुय्यम अधिकाऱ्याची परीक्षा तो १८८० साली उत्तीर्ण झाला. १८८४ च्या एप्रिलमध्ये मुंबई बंदरात 'नार्सिसस' या जहाजावर तो त्याच हुद्द्यावर रुजू झाला. त्यापुढील दोन्ही परीक्षांत, १८८४ आणि १८८६ साली, पहिल्या खेपेस त्याला अपयश आले. दोन्ही वेळा तो पुन्हा बसला व उत्तीर्ण झाला. १८८६ साली तो ब्रिटिश नागरिक आणि कप्तानपदास पात्र ठरला. पुढे लिहिलेल्या आठवणींत या दोन अपयशांचा उल्लेख त्याने केला नाही. परक्या भाषेत हरल्याचा सल किती खोल असतो, हे त्या मौनावरून उमगते.

प्रमाणपत्र हाती आले तरी कप्तानाची जागा सहज मिळाली नाही. १८८८ साली 'ओटागो' जहाजाची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याखेरीज बहुधा खालच्या हुद्द्यावरच समाधान मानावे लागले. १८९५ साली त्याची पहिली कादंबरी निघाली, ती जोसेफ कॉनराड या नावाने. इंग्रजीचा थोर लेखक म्हणून त्याची कीर्ती झाली; उच्चारांतील परकेपणा मात्र अखेरपर्यंत गेला नाही.

त्याच काळात आपल्या कोकणातील खलाशीही ब्रिटिश जहाजांवर राबत होते. त्यांचे करारनामे निराळे, आणि वेतन गोऱ्या खलाशाहून पुष्कळ कमी. कॉनराडच्या वाटेत भाषेचा अडसर होता, तो त्याने परिश्रमाने दूर केला. कोकणच्या खलाशापुढे करारनाम्याचा अडसर होता, आणि तो काढणे त्याच्या एकट्याच्या परिश्रमांच्या आवाक्यातले नव्हते. परदेशी भाकरी शोधणाऱ्यांचा इतिहास वाचताना हे दोन अडसर वेगळे ओळखले पाहिजेत.