आधी पवित्रा, मग वार

वर्तमानपत्र उघडले की एक शब्द हमखास भेटतो. कर्मचाऱ्यांनी संपाचा पवित्रा घेतला, विरोधकांचा आक्रमक पवित्रा, अमुक पक्षाने पवित्रा बदलला. या शब्दाचे मूळ घर मात्र राजकारणात नाही, ते आखाड्यात आहे. काठी, पट्टा किंवा फरीगदगा हाती घेतलेला माणूस वार करण्याआधी ज्या रीतीने उभा राहतो, पावले टाकतो, त्याला पवित्रा म्हणतात. हिंदी-उर्दूत याच अर्थाने ‘पैंतरा’ म्हणतात. आज या शब्दातून आपल्याला तावातावाने उभा राहिलेला माणूस दिसतो. आखाड्यात त्याचा अर्थ नेमका उलटा होता. पवित्रा म्हणजे ताव उतरवून उभे राहणे.

आमच्या वऱ्हाडात तालमीत नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी काठी फिरवायला मिळत नसे. वस्ताद म्हणणार, ‘आंधी उभं राहाले शिक, मंग मारजो.’ दोन पावलांत खांद्याइतके अंतर, एक पाऊल जरा पुढे. गुडघे किंचित सैल. पाठीचा कणा सरळ, पण ताठर नाही. अंगाचा भार टाचांवर न टाकता तळपायाच्या पुढच्या भागावर. नजर काठीवर नव्हे, समोरच्या माणसावर. आणि मग सगळ्यात अवघड सूचना, ‘अंग ढिल्लं सोड.’ काठी पडणार नाही इतकीच धरायची, तिचा गळा आवळायचा नाही.

यामागचे शास्त्र सोपे आहे. दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागचा सैल व्हावा लागतो, तरच हात वेगाने वळतो. माणूस घाबरला किंवा रागावला की दोन्ही स्नायू एकदम आवळले जातात आणि एकमेकांशीच झुंजतात. ताकद सगळी खर्च होते, वेग मात्र येत नाही. शिवाय वाराचा जोर मनगटात जन्मत नाही. तो जमिनीतून पावलात, पावलातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि शेवटी मनगटात उतरतो. पाऊल चुकले की ही साखळी तिथेच तुटते.

गंमत म्हणजे हाच धडा साहेबांच्या गोल्फमध्येही आहे. कलकत्त्यात १८२९ साली गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. पुढे पुण्याचा उदयन माने आणि बंगळूरची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोचले. २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धेत अदितीचे पदक थोडक्यात हुकले, ती चौथी आली. या खेळातला चेंडू जागेवरच पडलेला असतो. तो अंगावर येत नाही, कुणी अडवत नाही. तरीही माणूस चुकतो, कारण फटका मारण्याच्या घाईत तो उभे राहायचे विसरतो आणि काठी आवळून धरतो. म्हणून तिथले शिक्षकही आधी पावलांचे अंतर पाहतात, गुडघे सैल करायला लावतात आणि काठी पाखराच्या पिलासारखी धरा म्हणतात. आमच्या वस्तादांनी गोल्फचे मैदान पाहिले नव्हते आणि त्या शिक्षकांनी आमची तालीम. तरी दोघे एकाच ठिकाणी पोचले, कारण माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच आहे.

पण वऱ्हाडात हा धडा नुसता खेळाचा राहिला नाही. त्याला इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगाव इथे नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि वेलस्ली यांची लढाई झाली. थोड्याच दिवसांत, १५ डिसेंबरला, मेळघाटातला गाविलगड पडला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. या अर्धशतकात हत्यारावर पोट असलेली हजारो माणसे रिकामी झाली. त्यांत मराठे होते, पठाण होते, राजपूत होते, अरबही होते. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय तलवार बाळगणे गुन्हा ठरला.

तलवार गेली, काठी राहिली. ज्यांना पट्टा येत होता त्यांनी वेताची छडी हाती घेतली. ढालीची जागा चामड्याच्या फरीने घेतली. गल्लोगल्ली तालमी निघाल्या. तिथे लढाई शिकवली जात नव्हती, कारण लढायला रणच उरले नव्हते. तिथे शिकवला जात होता तो लढवय्याचा संयम. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याने मन कसे ठेवावे, याचे ते शिक्षण होते.

मात्र ही विद्या वस्तादाच्या मर्जीवर चालायची. एखादा डाव तो आवडत्या चेल्याला द्यायचा, एखादा आपल्याबरोबर कबरीत किंवा चितेवर न्यायचा. हे चित्र बदलायला अमरावती कारणी लागली. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तिथे आखाडा सुरू केला. त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. नावातला ‘प्रसारक’ हा शब्द नीट पाहा. विद्या लपवायची नाही, पसरवायची, असा तो निश्चय होता. मल्लखांब, लाठी, लेझीम, बनेटी, कुस्ती या सगळ्यांची शिस्तवार शिकवणी झाली. गावोगावचे शिक्षक इथे येऊन शिकले आणि आपापल्या शाळेत परतले. हुतात्मा राजगुरूंनी अमरावतीत व्यायामाचे धडे घेतल्याचे त्यांची चरित्रे सांगतात. वस्तादाच्या तोंडी असलेला पवित्रा इथे क्रमवार झाला. पाऊल एक, पाऊल दोन, सलामी, मग पहिला हात.

१९३६ साली या मंडळाची मुले बर्लिनला गेली. ऑलिंपिकचे ते वर्ष. मुख्य स्पर्धांच्या बाहेर, ऑलिंपिकच्या निमित्ताने जमलेल्या जगभरच्या पाहुण्यांसमोर त्यांनी आपले देशी खेळ करून दाखवले. हुतुतू, म्हणजे कबड्डी, परदेशी प्रेक्षकांनी तेव्हा पाहिली. तो काळ आठवून पाहा. बर्लिन म्हणजे हिटलरची राजधानी. जिकडेतिकडे ताठ कवायत, टाचांचे आवाज, एकसारखे उचललेले हात. याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. त्या गुलाम देशातून आलेली वऱ्हाडची पोरे मल्लखांबावर चढली. मल्लखांबाला एरंडेल लावतात. त्यावर जो अंग ताठ करतो तो घसरतो. जो श्वास मोकळा ठेवतो तो टिकतो. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, ताठरपणा आणि ताठ कणा यांतला फरक जगासमोर उभा होता. नऊ वर्षांनी त्या ताठरपणाचे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून आखाड्यातल्या शब्दांकडे माझे लक्ष जास्त जाते. आपण सहज म्हणतो, पोरगा रोज शंभर जोर-बैठका काढतो. यातला जोर फारसीतून आला आणि बैठक इथल्या मातीतली. एका जोडशब्दात दोन भाषा शेजारी बसल्या आहेत आणि घाम मात्र एकच. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. आखाडा संस्कृत वळणाचा. कुस्ती आणि पहिलवान फारसी, मल्ल आणि मल्लखांब इथले. वस्ताद म्हणजे उस्ताद. सलामीत सलाम आहे, म्हणजे शांती. कोणत्याही लढतीची सुरुवात समोरच्याला शांती चिंतून करायची, ही केवढी मोठी कल्पना आहे!

शब्द एकत्र आले, कारण माणसे एकत्र आली होती. बडोद्याचे प्रोफेसर माणिकराव हे व्यायामक्षेत्रातले मोठे नाव. त्यांचे गुरू जुम्मादादा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेली संस्था आजही जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणूनच ओळखली जाते. मुसलमान वस्तादाचे नाव आणि पुढे ‘मंदिर’ हा शब्द, यात त्या काळी कुणाला अवघडल्यासारखे झाले नाही. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मल्लखांबाची आख्यायिकाही अशीच. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले. बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, मल्लखांबावर तयारी केली, अली हरला आणि गुलाबने माघार घेतली, असे सांगतात. मला यातले एक फार आवडते. हरलेल्यांची नावेसुद्धा आखाड्याने दोनशे वर्षे जपून ठेवली. प्रतिस्पर्ध्याचे नाव विसरणे आखाड्यात बसत नाही.

लेझीम या शब्दाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. शाळेच्या मिरवणुकीत झणझणणारी लेझीम मुळात तिरंदाजाचे साधन होती. फारसीत सरावाच्या धनुष्याला हे नाव होते. दोरीच्या जागी लोखंडी साखळी, ती ओढून ओढून धनुर्धर दंड कमवायचा. धनुष्य गेले, साखळी राहिली, तिला झांजा आल्या, ढोलाचा ताल मिळाला आणि लढाईचे साधन नाचात शिरले.

आणि ते धनुष्य परत आले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनलाच तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. पंधरा बाण, पन्नास मीटरवरचे लक्ष्य आणि आठ सेंटिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ. त्याआधी मे महिन्यात आपल्या वऱ्हाडातल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात सुवर्णपदक जिंकले होते. या खेळात पहिला धडा पावलांचा असतो. आणि बाण सुटताना धनुष्य मुठीत आवळायचे नसते. बोटे सैल ठेवायची, धनुष्य पडू नये म्हणून बोटांना दोरीचा फास लावतात. ‘अंग ढिल्लं सोड’ हेच पुन्हा! अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्ध शिकणारी मुलेही ठोसा शिकण्याआधी उभे राहायला शिकतात.

मित्रहो, हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने आणि मे २०२३ मध्ये अकोल्याने दंगलीचे दिवस पाहिले. दुकाने जळाली, शटर पडली, रस्त्यावर पोलिसांच्या शिट्ट्या उरल्या. अशा दिवसांत गल्लीत काठ्या निघतात. त्या धरणाऱ्या बहुतेक हातांनी कधी तालीम पाहिलेली नसते. मोबाइलवर आलेला एक मजकूर वाचून मूठ आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीला दिशा नसते. तालमीत शिकलेला माणूस काठी उचलण्याआधी आपली पावले तपासतो. तेवढ्या वेळात त्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. चेहरा दिसला की बहुतेक वेळा काठी खाली येते.

जुन्या वस्तादांना लोक भांडण सोडवायला बोलवत, ते यामुळेच. त्यांच्या ताकदीचा धाक होता हे खरे, पण त्यांच्या शांतपणाचा विश्वास त्याहून मोठा होता. ज्याला मारता येते आणि जो मारत नाही, त्याचा शब्द दोन्ही बाजू ऐकतात.

व्यायामशाळा आज कमी नाहीत. आरशांसमोर वजने उचलणारी तरुण मुले जागोजागी दिसतात, आणि ते चांगलेच आहे. पण आरशात माणूस स्वतःकडे पाहतो, पवित्र्यात तो समोरच्याकडे पाहतो. दंड कमवणे सोपे, ते काही महिन्यांत होते. उभे राहायला मात्र कुणीतरी शिकवावे लागते, आणि ती शिकवण अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी गावोगाव पोचवून दाखवली आहे. शाळेत अजूनही ‘सावधान’ नंतर ‘विश्राम’ येतो. आपल्या गावांना सध्या पहिला हुकूम चांगला पाठ झाला आहे. दुसरा पुन्हा शिकायचा आहे.

तेव्हा उद्या वर्तमानपत्रात कुणाचा आक्रमक पवित्रा वाचाल, तेव्हा त्या माणसाच्या पायांकडे मनातल्या मनात जरूर पाहा. तो खरोखर उभा आहे, की नुसता ताठ झाला आहे?