सायकलचा बिल्ला आणि विजेची मोटार

अबुधाबीच्या ‘दर्ब’ टोलचे नियम १ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. संध्याकाळची टोलची वेळ पाच ते सात होती, ती तीन ते सात झाली. दिवसाला जास्तीत जास्त सोळा दिरहॅम ही मर्यादा होती, तीही उठली. नेमके ते गणपतीचे दिवस होते. आमच्या रीम आयलंडवर एका स्नेह्यांच्या घरी आरतीला जमलेल्या मंडळींत प्रसादाबरोबर हाच विषय निघाला. ‘विजेच्या मोटारींना टोल आणि कर माफ असलेच पाहिजेत, आम्ही धूर सोडत नाही,’ असे एकाचे म्हणणे पडले. ‘धूर सोडत नसाल, पण रस्ता तर वापरता ना?’ असे दुसऱ्याने विचारले. त्यावर कोपऱ्यातून एक तरुण म्हणाला, ‘मग सायकलवाल्यांकडूनही घ्या!’ सगळे हसले.

मला मात्र हसू आले नाही, कारण सायकलवाल्यांकडून एके काळी कर खरोखरच घेतला जात असे. आमच्या गावच्या घरी फळीवरच्या एका डब्यात जुनी कुलपे, खिळे आणि नाणी यांच्याबरोबर पत्र्याचे दोन-तीन बिल्ले पडलेले असत. त्यांवर नगरपालिकेचे नाव, साल आणि नंबर ठोकलेला असे. वडिलांनी सायकलचा कर भरल्याची ती खूण. वडील त्या सायकलवरून रोज कामावर जात. आज त्यांचा मुलगा विजेच्या मोटारीत बसून कामावर जातो. वडिलांच्या सायकलला कर होता. हीच मोटार मी महाराष्ट्रात घेतली असती, तर तिला वाहन कर माफ झाला असता. हा उलटा न्याय कसा झाला, याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवतो.

रस्त्याचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात जो दगडी रांजण दिसतो, तो सातवाहनकाळी जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे लोक सांगत आले आहेत. वाटेवर चौकी बसवायची आणि जाणाऱ्याकडून पैसे घ्यायचे, ही पद्धत पुढेही चालू राहिली. तिला एक सुंदर अपवाद मुंबईत घडला. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसे दगावत. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी बांधासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि या वाटेवर सरकारने टोल घेऊ नये अशी अट घातली. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. रस्ता म्हणजे पाणपोई, असा त्यामागचा भाव होता.

पण पाणपोईवर सगळे शहर चालत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत चाकांवर कर आला. इंग्रजीतले त्याचे नावच ‘व्हील टॅक्स’, म्हणजे चाकपट्टी. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात वाहने व जनावरे यांवरील कराची तरतूद झाली. पुढे पुण्यासारख्या शहरांना लागू झालेल्या १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यातही मालमत्ता कराच्या जोडीला ‘वाहने, होड्या आणि जनावरे’ यांवरील कर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतील ५७ वी नोंद तर स्पष्टच सांगते की, यंत्राने चालणाऱ्या असोत वा नसोत, रस्त्यावर चालण्याजोग्या वाहनांवर राज्याला कर बसवता येतो. तेव्हा सायकलवर कर हा त्या तरुणाला विनोद वाटला, तरी आपल्या घटनेला तो वाटलेला नाही.

चाकपट्टीमागे तर्कही होता. त्या काळचे रस्ते खडीचे. बैलगाडीच्या चाकाला अरुंद लोखंडी धाव असे आणि ती भरल्या गाडीखाली रस्ता अक्षरशः कापत जाई. टांगे, छकडे, बग्ग्या यांची चाके मोजून पट्टी घेणे तेव्हा रास्तच होते. सायकल या यादीत आली ती केवळ तिला चाके आहेत म्हणून. रबरी टायरच्या त्या हलक्या यंत्राने रस्त्याचे काय बिघडते, हे कोणी विचारले नाही. आणि पुढे सायकल ज्यांचे वाहन झाली ते गिरणी कामगार, कारकून, शिक्षक, दूधवाले आणि पेपरवाले! कर नाममात्र असे, पण तो भरण्यासाठी रांगेत उभे राहावे लागे. बिल्ले पाडायचे, नोंदवही ठेवायची, चौकात माणूस उभा करून बिल्ला नसलेला सायकलस्वार अडवायचा, हा सगळा खटाटोप मिळणाऱ्या पैशांच्या मानाने फार होता. ‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ म्हणतात, त्यातला हा प्रकार. यथावकाश बहुतेक ठिकाणी हा कर वसूल होणे थांबले.

यानंतरचा अध्याय एका मराठी माणसाच्या नावाचा आहे. पुणे विद्यापीठाचे ‘जयकर ग्रंथालय’ पुष्कळांना ठाऊक असते. ते ज्यांच्या नावाचे आहे ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पण भारतातील रस्त्यांच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्याच कारणाने अजरामर आहे. १९२७ साली हिंदुस्थानच्या रस्ते विकासाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. मोटारी वाढत होत्या, आणि लांब पल्ल्याचे रस्ते बांधणे लोकल बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेले होते. १९२८ च्या अहवालात जयकर समितीने सुचवले की, पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावा. त्याप्रमाणे १९२९ साली गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन ‘सेंट्रल रोड फंड’ सुरू झाला.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिले तर ही योजना फार हुशारीची होती. जो जास्त फिरतो त्याचे पेट्रोल जास्त जळते. ज्याची गाडी जड त्याचेही जास्त जळते. म्हणजे अंतर आणि वजन या दोन्हींचे मोजमाप पेट्रोलच्या टाकीतच आपोआप होते. चौकी नको, बिल्ला नको, शिपाई नको. पेट्रोल जिथे उतरते तिथेच कर घेतला की काम झाले. सायकलवाला पेट्रोल जाळत नाही, म्हणून तो या हिशेबातून आपोआप सुटला. चाकपट्टीला जो न्याय साधला नव्हता, तो पेट्रोलने साधला.

मात्र राखीव निधी राखीव राहत नाही, हाही इतिहासाचा धडा आहे. ब्रिटनमध्ये १९२० च्या कायद्याने मोटारींच्या करातून ‘रोड फंड’ उभा राहिला. १९२६ साली अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यात हात घातला, आणि १९३७ पासून वाहन कराचे उत्पन्न सरळ सरकारी तिजोरीत जाऊ लागले. तरी तिथले मोटारवाले सायकलवाल्यांना ‘आम्ही रोड टॅक्स भरतो’ असे अजून सुनावतात! आपल्याकडे २००० साली केंद्रीय मार्ग निधीचा कायदा होऊन पेट्रोल-डिझेलवरील उपकराला नवे बळ मिळाले. २०१८ मध्ये त्या निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि त्याच्या वाटा इतर कामांकडेही वळल्या.

दरम्यान महाराष्ट्रात मोटारवाल्यावर तीन थर चढले. पहिला पेट्रोलचा. दुसरा १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याचा, ज्याखाली आज पेट्रोलच्या खासगी मोटारीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के एकरकमी कर पडतो. तिसरा टोलचा. गंमत अशी की, मुंबईच्या वेशीवरच्या टोलची अधिसूचनाही याच १९५८ च्या कायद्याच्या २० व्या कलमाखाली निघत असे. एकाच गोष्टीसाठी तीनदा पैसे देतो आहोत, ही भावना लोकांत साचत गेली. कोल्हापुरात प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध नेते टोलविरोधी आंदोलनात उतरले आणि शेवटी तिथला टोल गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली.

आता विजेच्या मोटारीकडे येऊ. तिला पेट्रोल लागत नाही, म्हणून पहिला थर गेला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने वाहन कर माफ केला, म्हणून दुसरा गेला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचवला होता. पण त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो घेणार नसल्याचे सभागृहात जाहीर केले. पुढे नव्या धोरणात टोलमाफी आली आणि ऑगस्ट २०२५ पासून ती अटल सेतूवर लागू झाली. साध्या मोटारीला त्या सेतूवर एका फेरीचे २५० रुपये पडतात. म्हणजे तिसरा थरही सुटत चालला. जयकरांची हुशार योजना जिथे लागूच होत नाही, असे वाहन शंभर वर्षांत प्रथमच मोठ्या संख्येने रस्त्यावर आले आहे.

मग कर घ्यावा की नाही? माझ्या मते इथे तीन वेगवेगळी खाती एकत्र मिसळली आहेत: झीज, जागा आणि धूर. ती वेगळी केली की भांडण बरेचसे मिटते.

आधी झीज. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. स्वारासह सायकल १०० किलो धरली तर एका चाकावर ५० किलो येतात. मोटार १,६०० किलोची धरली तर एका आसावर ८००. वजन सोळापट, म्हणून झीज ६५,५३६ पट. बॅटरीमुळे मोटार ३०० किलोंनी जड झाली तर तिची झीज जवळजवळ दुप्पट होते. पण यावरून विजेच्या मोटारीला झोडपायचे कारण नाही. भारतात रस्त्याच्या रचनेसाठी जो प्रमाण आस धरतात तो ८,१६० किलोंचा, आणि त्याची झीज आपल्या ८०० किलोंच्या आसाच्या सुमारे १०,८०० पट भरते. २०१८ मध्ये ट्रकच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. एवढ्याने त्या आसाची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. तेव्हा झिजेचे बिल मुख्यतः मालवाहतुकीचे आहे, म्हणजेच पर्यायाने तो माल विकत घेणाऱ्या आपल्या सर्वांचे.

दुसरे खाते जागेचे, आणि मोटारीचे खरे देणे इथे आहे. पूर्वी अबुधाबीच्या बेटावर यायचे तर मक्त्याच्या खाडीपाशी ओहोटीची वाट पाहावी लागे. खाडीतला बुरूज अजून उभा आहे. १९६८ साली तिथे पूल झाला. आज त्या बेटावर जाणारे चार पूल ‘दर्ब’च्या कमानींखाली आहेत. जानेवारी २०२१ मध्ये हा टोल सुरू झाला तो गर्दीच्या वेळी पुलांवरची रेटारेटी कमी व्हावी म्हणून. या देशात पेट्रोलवर आपल्याकडच्यासारखा रस्त्याचा उपकर नाही, त्यामुळे तो बुडण्याचा प्रश्नही नाही. पण सकाळी आठ वाजता मक्ता पुलावर माझी विजेची मोटार शेजारच्या पेट्रोलच्या मोटारीइतकीच लांब असते. बॅटरीवर चालते म्हणून ती दुमडून खिशात ठेवता येत नाही!

तिसरे खाते धुराचे. तिथे विजेच्या मोटारीला सूट मिळणे न्याय्य आहे आणि पेट्रोलवाल्याने जास्त भरणेही न्याय्य आहे. नवे तंत्र रुजेपर्यंत थोडे बोट धरून चालवावे, हेही मान्य. पण बोट कधी सोडणार, ते आधी सांगितलेले बरे.

काही देशांनी ते सोडायला सुरुवात केली आहे. न्यूझीलंडमध्ये एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींना दर हजार किलोमीटरमागे ७६ डॉलर भरावे लागू लागले. आइसलँडने जानेवारी २०२४ पासून किलोमीटरवर आकार बसवला. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून विजेच्या मोटारींची करमाफी काढली, आणि २०२८ पासून मैलामागे तीन पेन्स घेण्याचे जाहीर केले. यासाठी प्रत्येक गाडीच्या मागे उपग्रह लावायची गरज नाही. वर्षाला एकदा मीटरचा आकडा नोंदवला तरी पुरते. भारतात विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते सहज करता येईल. किलोमीटर गुणिले वजन, हा जयकरांचाच हिशेब आहे. फक्त तो टाकीऐवजी मीटरवरून मांडायचा.

आता सायकलचे काय? झीज नगण्य, जागा अगदी थोडी, धूर नाही. तिन्ही खात्यांत तिचे देणे जवळजवळ शून्य. शिवाय गल्लीबोळातले रस्ते नगरपालिका घरपट्टीसारख्या करांतून बांधते, आणि घरपट्टी सायकलवालाही भरतो, भाड्यातून का होईना. तरीही आपण वर्षानुवर्षे त्याच्या चाकाला बिल्ला लावला, आणि आज ३० लाखांवरची मोटार घेणाऱ्याला सेतूही फुकट देतो आहोत. दोन्ही वेळा कारण एकच आहे: कर कोणावर बसावा, हे ठरवताना रस्त्यावरचा हिशेब न पाहता समोरच्याचा आवाज केवढा आहे ते पाहिले गेले. विजेच्या मोटारी घेणारे आपण शिकलेले आहोत, चांगल्या पगाराचे आहोत, आणि आपला आवाज पोहोचतो. म्हणूनच हे आपण बोलले पाहिजे. माझ्या मोटारीकडून किलोमीटरमागे योग्य तो आकार घेतला गेला तर मी तो कुरकुर न करता भरेन.

पुढच्या गणपतीतही हा वाद निघेलच. तेव्हा सायकलवाल्याकडे बोट दाखवून हसू नये, एवढीच विनंती. त्याने आपले पैसे केव्हाच भरले आहेत. पावती आमच्या घरच्या डब्यात आहे.

(अल रीम आयलंड, अबुधाबी)