जीपच्या पोटाखालचे सुपे

गोव्याहून अनमोड घाट चढून रामनगरला गेलात तर तिथला कोणीही म्हातारा तुम्हाला सांगेल, ‘आम्ही सुप्याचे.’ सुपे कुठे आहे असे मात्र विचारू नये. ते पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव. १९७४ साली काळी नदीवर धरणाचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये ते पुरे झाले. १०१ मीटर उंच, ३३२ मीटर लांब. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले, माणसे रामनगरला आली आणि सुपे हे नाव धरणाला तेवढे उरले.

मी हे सगळे एका जीपमुळे लिहितो आहे. रामनगरच्या एका घरात १९६४ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. घर माझ्या नात्यातल्या नात्यातले, म्हणजे बायकोच्या आत्याकडचे. गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. सुपे सोडताना घरातले देव, पितळेची भांडी आणि भाताची बियाणी याच जीपमधून आली. आता मुलाला ती दुरुस्त करायची आहे. दुरुस्त म्हणजे रंग नव्हे. रंग कोणीही मारतो. त्याने गाडी जॅकवर चढवली आणि खालून सुरुवात केली, म्हणून मला तो मुलगा आवडला.

आधी जीप इथे कशी आली ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या. युद्ध संपल्यावर मुंबईत के. सी. आणि जे. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली, नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये इकडे कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून त्या इथे जोडायच्या, असा धंदा होता. १९५३ साली अमेरिकेत सीजे-३बी आली. तिचे बॉनेट उंच, कारण आतले ‘हरिकेन’ इंजिन जुन्यापेक्षा उंच होते. त्यामुळे ती जरा नाक वर करून बघते आहे असे वाटते. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षे निघत राहिली.

सुप्याच्या रानाला जीपशिवाय दुसरी मोटार सोसलीच नसती. लाकडाचे ठेकेदार, जंगल खात्याचे रेंजर, मँगनीजच्या खाणीवाले, सगळे जीपवाले. आपण गोवेकरांनी त्या काळात वेगळ्याच गाड्या पाहिल्या. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली, कॅसलरॉक-कुळे रेल्वे थांबली, आणि खाणींच्या पैशावर मुरगावच्या बंदरात युरोपातल्या गाड्या उतरू लागल्या. मर्सिडिज टॅक्सीत बसून मडगावला बाजाराला जाणारा माणूस मुंबईकराला खरा वाटत नसे! घाटाच्या वर पेट्रोलची जीप आणि खाली डिझेलची मर्सिडिज, मध्ये बंद सीमा. कॅसलरॉक आणि अनमोड, दोन्ही सुपे तालुक्यातली, म्हणजे सीमेची वरची कडा याच तालुक्याची. १८ डिसेंबर १९६१ला पूर्वेकडून ६३ वी इन्फंट्री ब्रिगेड आत शिरली, तिच्या दोन्ही तुकड्या मोल्याला एकत्र आल्या आणि फोंड्याकडे निघाल्या. पुढचे पूल पोर्तुगीजांनी उडवून ठेवले होते. लष्कराच्या जीपगाड्या आपल्याकडच्या पुष्कळांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा जवळून पाहिल्या.

असो. गाडीखाली जाऊ.

सीजे-३बीची पेट्रोलची टाकी कुठे असते, हे मी दहा जणांना विचारले तर नऊ म्हणाले मागे. ती असते ड्रायव्हरच्या सीटखाली! सीट उचलली की टाकी. त्यासाठी गाडीच्या तळाच्या पत्र्याला खळगा दिलेला असतो आणि टाकी त्यात बसते. युद्धाच्या वेळी ही सोय होती, गाडी लहान आणि टाकी मधोमध सुरक्षित. पण खळगा म्हणजे खळगाच. पावसाचे पाणी, पायाची माती, सांडलेले पेट्रोल सगळे तिथे. खाली पाणी जायला भोक ठेवलेले असते, ते सुप्याच्या लाल मातीने पहिल्याच पावसात बुजते. कॅसलरॉकचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पुढे सांगायला नको. टाकी आतून नव्हे, बाहेरून, बुडाकडून सडते. वर तुम्ही बसलेले असता आणि तुमच्या खाली गंज चाललेला असतो, तोही पेट्रोलचा!

भाऊंच्या जीपची टाकी काढली तेव्हा खळग्यातून लाल चिखलाची वडी निघाली. अगदी साच्यातून काढलेली. मुलगा ती फेकायला निघाला तर भाऊ म्हणाले, “ठेव रे, सुप्याची माती असेल ती.” कोणी हसले नाही. मला त्याबद्दल शंका आहे. चाळीस वर्षांत रामनगरचीही माती पुष्कळ गेली असणार. मी बोललो नाही.

टाकीची एक भानगड होती. त्या काळच्या टाक्यांचा पत्रा शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाने मढवलेला असे, म्हणून तो टिकला. पण ऐंशीच्या दशकात डिझेल स्वस्त, पेट्रोल महाग, तेव्हा हजारो जीपगाड्यांना डिझेलचे इंजिन बसवले गेले. भाऊंनीही बसवले. डिझेलला पंपाकडून उरलेले तेल टाकीत परत आणणारी नळी लागते, म्हणून टाकीला वरून दुसरे भोक पाडून नळी डागलेली. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्यात गोणपाटाखाली होते, बत्तीस वर्षे. त्याचे तोंड भाऊंनी लाकडी बुचाने बंद करून ठेवले होते, म्हणून ते वाचले. आता मुलाला पेट्रोलवरच परतायचे आहे.

टाकी रामनगरच्या एका रेडिएटरवाल्या मेस्ताकडे नेली. वेल्डिंगवाल्याकडे नव्हे, हे मुद्दाम सांगतो. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर, कारण आत वाफ असते. मेस्ताने आधी धुण्याच्या सोड्याचे उकळते पाणी दोनदा भरले आणि ओतले. मग आत सायकलची जुनी चेन टाकून टाकी दोन तास हलवली, मुलाने आणि त्याच्या पुतण्याने आळीपाळीने. बाहेर आले ते गंजाचे काळे पाणी आणि पापुद्रे. डाग देताना टाकी पाण्याने काठोकाठ भरलेली, जिथे काम तिथे चार बोटे जागा. ज्योत नाही, तापवलेली खिळणी आणि कथील. मेस्त माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही पलीकडे बसा, भावजी. मला सवय आहे.” मी बसलो.

खरी डोकेदुखी टाकीच्या पुढची. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले, ते जुन्या इंजिनच्या व्हॉल्व्हना चालेल का याची आम्ही त्या वेळी चर्चा केली आणि विसरलो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. २०२२ मध्ये दहा टक्के, २०२३पासून वीस टक्क्यांचे पंप सुरू झाले आणि २०२५पर्यंत तेच सर्वत्र पोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ते जुन्या नळ्यांचे रबर फुगवते, शिसे-कथिलाचा लेप खाते आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत नेते. उसापासून इंधन करण्याची गंमत आम्हा गोवेकरांना नवी नाही, फेणीवाल्याला विचारा, काजू असो की ऊस, भट्टी ती भट्टीच! पण १९६४च्या एसी पंपाला ते कळत नाही.

एसी पंप म्हणजे काय ते नव्या पिढीसाठी सांगतो. आपल्या मेकॅनिकांचा शब्द. इंजिनच्या बाजूला लावलेला हा पंप, आतल्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने त्याचा दांडा हलतो, रबरी पडदा वरखाली होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. बरोबर काचेची वाटी असते, गाळ आणि पाणी तळाशी बसते आणि ते डोळ्यांनी दिसते. साधी, शहाणी वस्तू. टाकी खाली, इंजिन वर, म्हणून पंप लागतोच. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीत पंप नव्हता, पेट्रोल नुसते उताराने येई. त्यामुळे तीव्र चढावर ते इंजिनपर्यंत पोचत नसे आणि लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढत! अनमोडचा घाट तसा चढायची कल्पना करून बघा.

घाटात जीपचा त्रास वेगळा. उन्हाळ्यात पहिल्या गियरमध्ये चढताना पंप आणि नळी इतकी तापते की पेट्रोलची आतच वाफ होते आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. गाडी थांबते. भाऊ सांगतात, प्रत्येक ड्रायव्हरकडे ओला फडका असे. तो पंपावर टाकायचा, विडी ओढायची (जरा दूर जाऊन), आणि पुन्हा सेल्फ मारायचा. वरून येणाऱ्या ट्रकवाल्याला फडक्यावरून कळे की जीप पेट्रोलची आहे.

पंपाचा पडदा नवा घातला, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा. नळ्याही सगळ्या नव्या. जुन्या लोखंडी नळीतून वारा मारला तर मातीचा किडा निघाला, म्हणजे कुंभारणीने आत घर केले होते. कार्बोरेटरचे जेट बारीक तारेने साफ करायची आपल्याकडची सवय चुकीची. तार भोक मोठे करते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. मुलाने ते हवेने केले. त्याचे मी कौतुक केले तर म्हणाला, “काका, भाऊंनी हाताला मारले आहे माझ्या, तारेसाठी, लहानपणी.”

तळ मात्र लांबला. चासीचे दोन लांब पट्टे आणि आडवे तुकडे, त्यांवर पोकळ पत्र्याच्या आडपट्ट्या. युद्धातल्या जीपमध्ये या पट्ट्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत, म्हणजे पत्रा दबू नये. लाकूड कुजते, ओल धरते आणि बाहेरचा पत्रा खाते. हिच्या आडपट्ट्यांत लाकूड नव्हे, माती भरली होती. परिणाम तोच. पाट्यांच्या शॅकलचे बुश बसकट झालेले, दोन क्रॉस कुरकुरत होते. आमच्याकडे दरवर्षी पावसाआधी जळके ऑइल स्प्रेने चासीखाली मारायची पद्धत आहे. पत्रा टिकतो हे खरे, पण रबराचे बुश त्यातच विरघळतात, आणि वरून माती चिकटून कवच होते. आत काय चालले आहे ते दिसत नाही. पूर्वी होडीच्या तळाला काजूच्या टरफलाचे काळे तेल लावत, भाऊंनी तेही एकदा जीपला लावले होते. वास महिनाभर गेला नाही म्हणे, पण तेवढा भाग अजून शाबूत होता!

चासीचा मागचा डावा भाग पत्रा पातळ होऊन दुमडला होता. इथे दोन मते झाली. हुबळीहून आलेल्या एका गॅरेजवाल्याने सुचवले, दुसऱ्या जीपची चासी आणा, वर बॉडी ठेवा, महिन्यात मोकळे. स्वस्तही पडते. मुलगा मान हलवत होता. मी त्याला २०२१चा नियम दाखवला. केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी सुरू केली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण अट आहे, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. चासी बदलली की नंबर गेला, आणि एमवायने सुरू होणारा, म्हैसूर राज्याच्या काळातला तो नंबर गेला की ही कुठली जीप? चासीला चांगल्या जाडीचा पत्रा वेगळा घडवून रिव्हेटने आणि डागाने बसवला. मूळ पट्ट्याला कात्री लागली ती चार इंचांची.

नियमाची दुसरी अट मुलाला मग कळली. विंटेज नंबरची गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. भाऊंना ती सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे शनिवारचा बाजार नाही?” १९५६मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये, मग १९७३मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र अजून ८६५ गावांत सुप्याचा दावा सांगतो, त्यात आणखी एक नवी पाटी. त्यांनी अनेक पाट्या पाहिल्या आहेत. व्हीएचा अर्ज अजून टेबलावर आहे, भरलेला, सही नसलेला.

गेल्या महिन्यात इंजिन चालू झाले. पहिल्या चार सेल्फला नाही, पाचव्याला. काचेच्या वाटीत थोडे पाणी आले, ते काढले. इंधनाचा काटा मात्र काम करत नाही, टाकीतला फ्लोट नवा मिळतो पण काटा तोच आणि जुळत नाही. भाऊंनी गोठ्यातून बांबूची काठी काढून दिली. तिला चाकूने खाचा आहेत, गॅलनच्या. एकीकडे लिटरच्या, मुलाच्या, नव्या.